अपेक्षा उतरवणारे काका

मोक्षाच्या अपेक्षेने जिथे सारा हिंदुस्थान येतो, त्या काशीत लोकांच्या अपेक्षा कमी करण्याचं काम वडिलांचे एक मित्र एकहाती करत. संकठा घाटाजवळ ते आमच्या शेजारी राहत आणि शाळेत इंग्रजी शिकवत. मी त्यांना काका म्हणायची. ‘लोअर युअर साइट्स’ हा वाक्प्रचार त्यांना एका गोऱ्या साहेबाकडून मिळाला होता. काका बढती मागायला गेले, तेव्हा साहेबाने तो ऐकवला. बढती तिथेच विसरून काका वाक्प्रचार घेऊन घरी आले, तेही खुशीत. बंदुकीचा नेम खाली घ्यायचा, म्हणजे अपेक्षा उतरवायच्या, हा अर्थ ते छत्री खांद्याला लावून समजावत. दशाश्वमेधावर पुण्याचे एक यात्रेकरू गंगेवरचीच खोली हवी म्हणून अडून बसले होते. काकांनी छत्री आकाशाकडे रोखली आणि हळूहळू खाली त्यांच्या वळकटीपर्यंत आणली. यात्रेकरूंनी मुकाट्याने गल्लीतली खोली घेतली, घाबरूनही असेल. आमच्याकडे जेवताना ते आईला म्हणत, “वहिनी, नेम श्रीखंडावर होता. पण ताक चालेल.” पुढच्या खेपेला आई श्रीखंड करायची.

अर्थ पाठ करून वाक्प्रचार आपला होत नाही, तो स्वतःच्या वाक्यात घालावा लागतो, हा त्यांचा नियम. मी इंग्रजी शाळेतली, तरी त्यांनी वाक्य विचारलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

मी मॅट्रिक झाले. मला कॉलेजात जायचं होतं आणि वडिलांनी लग्नाचं काढलं. मी रडले नाही, बोललेही नाही. नुसती जेवायची थांबले. वडिलांनी काकांना बोलावलं. “मास्तर, पोरीला तुमचं ते सांगा जरा.”

काका माझ्याकडे वळले. “मीनिंग ठाऊक आहे ना, बिटिया? मग वाक्यात उपयोग कर.”

“आय विल नॉट लोअर माय साइट्स,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण खूप मोठा.

“काय म्हणाली?” वडिलांनी विचारलं.

“वाक्य बरोबर आहे.”

“अहो, तुम्ही तिला समजवायला आलात ना!”

“अब क्या करें? बरोबर वाक्यावर मी जन्मात फुली मारलेली नाही.”

त्यानंतर काका रोज येऊन वडिलांसमोर बसत आणि एक शब्द न बोलता उठून जात. शेवटी वडीलच म्हणाले, “जाऊ द्या तिला कॉलेजात. पण तुम्ही बोला काहीतरी!”

कॉलेज सुरू झाल्यावर ते संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसू लागले. स्वतः ते मॅट्रिकनंतर लगेच नोकरीला लागले होते, हे मला तेव्हा कळलं. “वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं ग?” ते विचारत.

“कडुनिंब.”

“आणखी?”

मग एरवी गप्प राहणारी मी त्या झाडाची फांदी न् फांदी सांगत बसायची, आणि काका डोळे मिटून ऐकत.