लाकडावर पाय

अहेरीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. बाजूला कापलेल्या सागाचे ओंडके रचून ठेवले होते. माझ्या नव्या बुटाची नाडी सुटली, म्हणून सहज एका ओंडक्यावर पाय ठेवला. सोडायला बाबा आले होते, जन्मभर जंगलातले लाकूडतोडीचे मजूर. त्यांनी वाकून माझा पाय हातानं उचलला आणि खाली ठेवला.

"पाय नको देऊ बाबू. याच्यानंच पोट भरते आपलं."

एवढाच त्यांचा निरोप. चारचौघांत मी ओशाळलो आणि मनातल्या मनात त्यांनाच अडाणी ठरवून गाडीत बसलो.

आता मी मालवाहू जहाजावर खलाशी आहे. माल राहतो जहाजाच्या पोटात. आम्ही त्याला होल्ड म्हणतो. आमची अख्खी वस्ती मावेल एवढा एकेक होल्ड. नशिबाची गंमत बघा, यंदा त्यात लाकूडच भरलं. आफ्रिकेतले ओंडके, थरावर थर, पार वरच्या झाकणापर्यंत. ते नीट बसले की नाही पाहायला त्यांच्यावर चालावंच लागतं. साल निसरडी, म्हणून आमच्या बुटांना खाली खिळे असतात.

बंदरात रेंज मिळाली तसा मी हौसेनं बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन फिरवून सगळं दाखवलं, जणू माझ्या बापाचाच माल. फिरवता फिरवता फोन खाली झुकला आणि माझे बूट दिसले, बुटांखाली खिळ्यांनी सोललेली साल. बाबांनी ते पाहिलं.

"जोडे काढून नाई जमत काय?"

नाही जमत, पाय मोडेल, कंपनीचा नियम आहे, असं मी भराभर सांगत सुटलो. सगळं खरंच होतं. तरी लाज वाटली, अजून वाटते. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त जपून राहा म्हणाले. तुम्हीही गाव सोडलं असेल, तर तुमच्या पायाखालीही असं काहीतरी आलंच असेल.

परवा सुट्टीवर घरी आलो. अंगणात बाबांचा बसायचा ओंडका आहे, बसून बसून गुळगुळीत झालेला. बूट मी फाटकाबाहेरच काढले होते, तरी त्याच्यापाशी उभाच राहिलो. बाबा थोडे सरकले. शेजारची जागा त्यांनी हातानं झाडली.

"बस ना बाबू. बसाले कोण नाई म्हणते?"

घर म्हणजे आता तेवढीच, त्यांनी झाडून दिलेली हातभर जागा. मी बसलो, आणि पाय ओंडक्याला लागू नयेत असे पुढे मातीत टेकवले.