हिरवी वायर

बेबी एकेचाळीस वर्षांची झाली तरी बेबीच राहिली. हे नाव तिच्या मामाने ठेवलेलं, आणि मामाने एकदा ठेवलेली वस्तू सहसा जागची हलत नसे. अठरा वर्षं ती एका कारखान्यात सर्किटच्या पाट्यांवर सोल्डरिंगचे टाके घालत बसली. एका सोमवारी सकाळी गेली तर फाटकाला कुलूप आणि कुलपाखाली कागद. तिने तो दोनदा वाचला. आजूबाजूच्या बायका रडत होत्या, मालकाचा उद्धार करत होत्या. बेबीने डबा पिशवीत सरळ केला आणि घरी न जाता थेट मामाच्या दुकानात गेली.

मामाचं दुकान म्हणजे एकापाठोपाठ एक दोन खोल्या. कपडे शिवायच्या कारखान्यांतल्या मशीनना जी मोटर असते, तिचा वेग सांभाळणारी एक पेटी असते. ती पेटी बिघडली की मामाकडे यायची. दुसऱ्यांनी हात टेकलेली पेटी मामा बरी करायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. मामालाही ते आवडायचं. आवडतं हे तो कबूल करायचा नाही, पण कोणी नुसतं 'काका' म्हटलं की पेटी दोन दिवस उशिरा मिळायची.

"कारखाना गेला," बेबी म्हणाली.

"बरं झालं," मामा म्हणाला. "ये, बस. सोल्डरिंग तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. बाकीचं शिकवतो."

आणि त्याने शिकवलं. हे त्याच्या बाजूने आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही. टेबलावर एक जुना ऑसिलोस्कोप होता, पत्र्याच्या ट्रंकेएवढा, हिरव्या काचेचा. मामा त्याला स्कोप म्हणायचा. "मीटर काय सांगतो, वीज किती आहे. हा सांगतो ती कशी वागते," तो म्हणाला. काचेवर एक रेघ नुसती पळत सुटलेली. बेबी बघतच राहिली. मामाने एक बटण फिरवून रेघ थांबवली. "पळणाऱ्या पोराला दर खेपेला एकाच उंबऱ्यावर पकडलं की ते उभं असल्यासारखं दिसतं. याला ट्रिगर म्हणतात. हा उंबरा कुठे ठेवायचा ते आलं की निम्मं काम आलं."

बेबीला ते चार दिवसांत आलं. मग मोजणीच्या वायरीवरचा बारका स्क्रू फिरवून चौकोनी लाटेचे कोपरे नीट करायला शिकली. मग एकदा फजिती झाली. त्या वायरीवर एक इवलंसं बटण असतं, ते सरकलं की स्कोप सगळं दहा पटीने कमी दाखवतो. बेबीने अख्खी सकाळ एका धडधाकट पेटीला मेलेली ठरवून तिचे तीन चांगले भाग उपटून काढले. मामा शेजारी बसून चहा पीत मजा बघत होता.

"सांगायचं नाही का रे?" ती वैतागली.

"सांगितलेलं विसरतं माणूस. चुकून शिकलेलं विसरत नाही."

तीही हसली. त्या वेळी हसण्यासारखंच होतं.

तिसऱ्या महिन्यात तिला पहिला शॉक बसला. एक हात मोटरच्या अंगावर होता आणि दुसऱ्या हाताचं कोपर स्कोपला घासलं. हातातला स्क्रूड्रायव्हर उडून भिंतीवर आदळला. मामा ताडकन उठला.

"काय झालं?"

"काही नाही रे. आत्ताच हात धुतले होते, ओला राहिला असेल," बेबी म्हणाली. मामाला काळजी नको म्हणून म्हणाली.

मामा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग बसला आणि म्हणाला, "पुसत जा."

तेव्हापासून ती हात पुसू लागली. टेबलाशी एक फडकं टांगलं, रबरी चपला आणल्या, बांगड्या काढून ठेवू लागली. तरी सहा महिन्यांनी पुन्हा शॉक बसला. तिसऱ्यांदा बसला तो वाईट. ती स्टुलासकट मागे पडली, तळहाताला चटका बसून फोड आला आणि संध्याकाळपर्यंत छाती धडधडत राहिली. पंधरा दिवस तिला सोल्डरिंगची कांडी धरता आली नाही.

"सोड ते काम," तिचा नवरा म्हणाला. "तुझ्याच्याने होत नाही, तर जिवावर उदार होऊन कशाला करायचं? शिवायला बस, बायका बसतात तशी."

बेबी त्याच्यावर चिडली, पण मनातून तिला तो खरा वाटू लागला. मामाला तीस वर्षांत काही झालं नाही आणि आपल्याला दोन वर्षांत तीनदा, तर खोट आपल्यातच. तिने आयुष्यभर हातांवर भाकरी मिळवली होती. हातच बेभरवशाचे निघाले, तर माणसाने कशावर उभं राहायचं? कारखान्यात ज्या हातांनी ती केसाएवढे टाके घालायची, ते हात आता स्कोपजवळ गेले की थरथरायचे. टाका सांडायचा. मामा तो गुपचूप पुसून नीट करून द्यायचा. त्याच्या त्या चांगुलपणाने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नाचता येईना अंगण वाकडं असं कोणी म्हणू नये, म्हणून तिने अंगणाला कधी नाव ठेवलं नाही.

पुढे जुन्या स्कोपची काच अंधुक व्हायला लागली. मामाचे डोळेही तसेच झाले होते, त्यामुळे नेमकं काय बिघडलंय हे महिनाभर कळलं नाही. शेवटी मामा म्हणाला, "नवा घ्यायला हवा. तूच जा, तूच निवड. मला ते बटणांचे नवीन प्रकार कळत नाहीत."

बेबीने आठवडाभर माहितीपत्रकं वाचली, वहीत प्रश्न लिहिले आणि दुरुस्तीतली एक पेटी पिशवीत घालून मोठ्या दुकानात गेली. ज्याच्यावर काम करायचं त्याच्यावरच बघून घ्यावं, हा तिचा हिशोब. तिथे जाड चष्म्याचा एक इंजिनियर होता. त्याने सुरुवात केली ती थेट आभाळातूनच.

"शंभर मेगाहर्ट्झ घ्या. जमलं तर दोनशे. पुढची चिंता नाही."

"आमच्या मोटरीचे ठोके सेकंदाला सोळा हजार," बेबी म्हणाली. "दोनशे मेगाहर्ट्झ म्हणजे वीस कोटी, त्याचं मी काय करू? जेवायला चार माणसं आणि मंडप मैदानभर?"

इंजिनियर हसला आणि खुर्ची ओढून नीट बसला. मग दोघांचं चांगलं जमलं. ठोक्याची कड उभी असते, तेव्हा थोडी जागा जास्त हवीच, हे त्याने पटवलं. सेकंदाला किती नमुने घेतो ते आधी बघा, कमी घेत असेल तर वेगवान लाट संथ दाखवून चक्क थाप मारतो, हेही सांगितलं. बेबीने सगळं लिहून घेतलं. कितीतरी दिवसांनी तिला आपण शहाण्या असल्यासारखं वाटलं.

"आता तुमची पेटी लावून बघा," तो म्हणाला.

बेबीने पेटी चालू केली, मोजणीची वायर घेतली आणि तिचा काळा चिमटा रोजच्यासारखा पेटीतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरच्या पायाकडे नेला. इंजिनियरने झडप घालून तिचं मनगट धरलं.

"बाई! काय करताय? मोठा धडाका झाला असता!"

"धडाका कसला? आम्ही रोज इथेच लावतो."

"रोज? आणि फ्यूज उडत नाही?"

"दोन वर्षांत एकदाही नाही."

त्याने मनगट सोडलं. चष्मा काढून पुसला. "तुमच्या स्कोपचा प्लग कधी उघडलाय?" त्याने विचारलं. "आतली हिरवी वायर कोणीतरी कापलेली असणार. हा काळा चिमटा आतून स्कोपच्या पत्र्याला जोडलेला असतो, आणि पत्रा त्या हिरव्या वायरीने जमिनीला. तुम्ही चिमटा लावता तिथे भिंतीतली वीज थेट येते. हिरवी वायर जागेवर असेल तर फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. कापली की फ्यूज वाचतो. मग वीज स्कोपच्या पत्र्यावर येऊन बसते, कोणाचा हात लागतोय याची वाट बघत." मग हळूच म्हणाला, "शॉक बसतो का हो कधी?"

"बसतो," बेबी म्हणाली. "मला वाटायचं, माझाच हात ओला असतो."

त्याने बॅटरीवर चालणारा, मोजणीच्या वायरी पत्र्यापासून आतून अलग ठेवलेला एक स्कोप दाखवला. या कामाला असाच हवा, म्हणाला. तिने त्याचा कागद पिशवीत घातला. आभार मानायचे राहिले, ते तिला रस्त्यात आठवलं.

परतताना चालता चालता ती मामाची वकिली करत होती. ज्याच्याकडून जुना घेतला त्याने कापली असेल. उंदराने कुरतडली असेल. मामाला ठाऊकच नसेल. वेडीने उंदरालासुद्धा आरोपी केलं, पण मामाचं नाव मनात येऊ दिलं नाही.

मामा टेबलाशी होता. बेबीने पिशवी ठेवली, स्कोपचा प्लग भिंतीतून काढला आणि त्याच्यासमोरच उघडला. हिरवी वायर सरळ कापलेली होती. टोक मागे वळवून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीचा शेवट पुढच्या वेळी पटकन सुटावा म्हणून आत दुमडलेला. पट्टी अशी दुमडणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

"ही तू कापलीस?"

मामाने प्लगकडे पाहिलं. "सगळेच कापतात. नाहीतर दर मोजणीला फ्यूज. तीस वर्षं झाली, काय झालं मला?"

बेबीने प्लग बंद करून पुन्हा लावला, काळा चिमटा पेटीला जोडला, बटण दाबलं. मग खिशातला टेस्टर स्कोपच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला.

"काही होत नाही ना? मग लाव हात इथे."

"बेबी, वेडेपणा करू नकोस."

"लाव ना, मामा. एकदाच."

मामाने हात लावला नाही. एखादा साधा नियम सांगावा तसा तो म्हणाला, "डावा हात खिशात ठेवायचा असतो. एकाच हाताने काम करायचं, म्हणजे वीज छातीतून जात नाही. माझ्या उस्तादाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

बेबीला दोन वर्षांतला मामा दिसला. खिशात हात घालून ऐटीत मोजणारा. तिला ती डॉक्टरची ऐट वाटायची. घरी मुलीला हसवायला ती त्याची नक्कलही करायची.

"आणि तू मला कितव्या दिवशी सांगणार होतास?"

"पहिला शॉक बसला तेव्हा सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तूच म्हणालीस हात ओला होता. मग राहिलं. नंतर सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, आधी का नाही. आणि तू गेली असतीस. मला काच दिसत नाही, बेबी. वर्षभर सगळं तूच बघतेयस. तू गेलीस तर डॉक्टर कसला मी?"

"मेले असते मी, मामा."

मामा खाली बसला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला आणि तिला त्याची दया आली. दया आली याचाच तिला जास्त संताप आला. परका असता तर चार शिव्या घालून, दार आपटून निघून जाता आलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिथे ओरडायचं तरी कोणावर? तिने पेटी बंद केली, स्कोपचा प्लग काढून पुन्हा उघडला, पट्टी सोडली, वायर सोलली आणि हिरवं टोक जागेवर घट्ट आवळलं. हात जराही थरथरला नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बेबी गेली नाही. का गेली नाहीस, असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा म्हणाली, "काम मला येतं म्हणून." आणि ते खरंच होतं. बॅटरीवरचा नवा स्कोप आला. तिचे टाके पुन्हा केसाएवढे पडू लागले. कारखान्यांची माणसं आता पेटी मामासमोर ठेवतात आणि बोलतात तिच्याशी. मामा चहा सांगतो, भाग शोधून देतो, वायरी सोलून देतो. आधीपेक्षा जास्तच मायेने वागतो.

परवा एक पेटी उघडायची होती. "बंद आहे ना?" तिने विचारलं.

"बंद आहे. प्लगच काढलाय मी," मामा म्हणाला.

बेबी उठली, टेबलाला वळसा घालून गेली. प्लग खाली जमिनीवर पडला होता. तिने तो डोळ्यांनी पाहिला, वायरीवरून बोट फिरवत पेटीपर्यंत आली, टेस्टर लावला, मीटर लावला. पेटी बंदच होती. मामा खरं बोलत होता. या वर्षभरात तो एकदाही खोटं बोललेला नाही, आणि दर वेळी तिने तपासलेलं आहे.

तो शेजारी उभा राहून तिचं तपासणं संपायची वाट बघत होता. पूर्वी असं कोणी त्याच्या शब्दावर टेस्टर लावला असता, तर "मामावर विश्वास नाही का गं?" म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तो ते विचारत नाही.