बारशाचं काळ्या वाटाण्यांचं सांबार

माझी नात सुचित्रा बी.कॉम. झाली तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत पेढे मीच वाटले. वर्षभरात तिने नोकरी सोडली आणि मैत्रिणीबरोबर परळला एक खोली घेऊन मालवणी जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागली. तिचा बाप राजेश तिच्याशी बोलेनासा झाला. "वडेच थापायचे होते तर कॉलेजात कशाला घातली?" हे मात्र तो मला ऐकवायचा, जसं काही पीठ मीच मळून दिलं होतं.

तसं दिलंच होतं म्हणा. पन्नास वर्षांपूर्वी मी घरात खाणावळ चालवायचे. गिरणीतले अठरा गाववाले पाळीपाळीने जेवायचे. पण राजेशच्या शाळेत विचारलं की मी सांगायचे, "लिहा, आई घरीच असते." तिसरी शिकलेली बाई मी, पण खाणावळवाली म्हणवून घ्यायची लाज. पोराने तीच उचलली. सुचित्राने मात्र कॉलेजात माझ्या खाणावळीवरच प्रोजेक्ट लिहिला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला, तिथून हिच्या डोक्यात धंदा शिरला. मी म्हटलं, "दुसरं काही सुचलं नाही काय गो तुला?"

गेल्या महिन्यात सीमाच्या नातवाचं बारसं होतं. सीमा आमची जुनी शेजारीण, आता दादरला राहते. तिने विचारलं, "सुचित्रा काय करते हल्ली?"

"बँकेत असते," मी म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

थोड्या वेळाने बेल वाजली. जेवणाचे डबे घेऊन दारात सुचित्रा! डोक्याला प्लास्टिकची टोपी, ओढणीला पीठ. सीमाच्या सुनेने फोनवरून जेवण मागवलेलं. ते कुणाकडचं, मला काय ठाऊक?

"अगं, तू बँकेत ना?" सीमा म्हणाली.

सुचित्राने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. "हो काकू. आज सुट्टी होती, मैत्रिणीच्या मदतीला आले."

माझं खोटं झाकायला पोरीने स्वतःचं काम दुसरीच्या नावावर करून टाकलं. पाळण्याखाली शिरावंसं वाटलं मला, पण या गुडघ्यांना ते कुठलं जमायला!

पानं वाढली. सीमाचे सासरे गणपत, माझ्या अठरांतलेच एक, पहिल्या घासाला थांबले.

"वहिनी, ह्यो सांबारो तुम्ही केल्यात काय?"

"नाही."

"मग कोणी? ही चव दुसऱ्या कोणाच्या हाताक येवची नाय."

सुचित्रा मान खाली घालून वडे वाढत होती.

"हिने केलंय," मी म्हटलं. "बँकेबिंकेत नाही ती. हा तिचाच धंदा. मी खोटं बोलले."

"अहो काकू, लपवलंत कशाला?" सीमाने विचारलं.

"लाज वाटली."

"आमची पोटां भरताना नाय ती वाटली?" गणपत हसत म्हणाले. मला हसता आलं नाही. तेव्हाही वाटायची, हे त्यांना कसं सांगू?

निघताना मी डब्यांच्या पिशवीला हात घातला. सुचित्रा म्हणाली, "राहू दे. बँकवालीची आजी ना तू?"

बोलू दिलं तिला. पिशवी मात्र सोडली नाही. ती हातात घेऊनच मला राजेशसमोर जायचं होतं. लाजायला त्याला मीच शिकवलं होतं.