सोळावा माणूस

अलाबामातल्या पाइन लेक चर्चची बस ओझेल टॉलिव्हरने सव्वीस वर्षं चालवली. घरी मोटार नाही, मूलबाळ नाही, बायको कधीच वारलेली. रविवारी कोट-टाय चढवून तो बस काढायचा आणि फाटकाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "आला गं बाई आपला ओझेल!" एवढीच त्याची जहागीर. बाकीचे सहा दिवस त्याला कुत्रं विचारत नव्हतं.

मग विमा कंपनीचं पत्र आलं. चालक धरून सोळा किंवा जास्त जागांची गाडी असेल तर चालकाकडे मोठ्या गाडीचं लायसन्स हवं. बसमध्ये जागा अठरा आणि ओझेलकडे लायसन्स साधं.

परीक्षेत गाडीभोवती फिरून एकेका भागाला हात लावायचा आणि तो कसा तपासतात हे मोठ्याने बोलून दाखवायचं. ती बस ओझेलने तीनदा खोलून जोडली होती. पण तो तोतरा होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची.

चर्चचा कारभार बघणारा डीकन लूशस ग्रेडी पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणाला, "ओझेलभाऊ, तुमचं 'ब्रेक' म्हणून होईस्तोवर बस नदीत गेलेली असेल की हो!"

लोक हसले. ज्यांना ओझेलने अडीनडीला दवाखान्यात पोचवलं होतं, तेही हसले.

दोनदा तो नापास झाला. मग दोन महिने रोज सकाळी अंगणात बसभोवती फेऱ्या, "ब-ब-ब्रेक, टा-टायर." तिसऱ्या खेपेला परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या. मला घाई नाही." ओझेल पास झाला. बसमध्ये बसून तो लहान मुलासारखा रडला. त्याच दिवशी मेला असता तर सुखाने मेला असता.

शनिवारी त्याने डीकनला लायसन्स दाखवलं.

"वा, देव पावला!" डीकन म्हणाला. "आणा किल्ली. बस धुवून सकाळी तुमच्या दारात आणतो."

सकाळी बस आली खरी, पण चालवत होता डीकनचा पुतण्या क्लेव्हन. मागचा तिघांचा बाक उखडून टाकला होता.

"आता पंधराच जागा, ओझेलकाका. माझं साधं लायसन्स चालतं, असं आमचे काका म्हणाले."

ओझेलने आत पाहिलं. बस भरली होती. "म-मी मागे उभा राहतो."

"छे छे! तुम्हाला घेतलं तर सोळा होतील. मग ते लायसन्स लागेल ना!"

ओझेलने खिशातून लायसन्सचं कार्ड काढून पुढे धरलं.

क्लेव्हनने ते निरखून पाहिलं. "फोटो झकास आलाय हं," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

आतल्या चौदा जणांतलं एकही उठलं नाही. लाज कोळून प्यालेले लोक! हॅटी म्हातारीने खिडकीतून हात तेवढा हलवला.

चर्च तिथून चार मैल. ओझेल परत तिकडे गेला नाही, आणि तो का येत नाही हे कुणी विचारलंही नाही.