डावा हात

माझी मुलगी मृणाल चार वर्षांची होती, तेव्हा तिला नाव लिहायला शिकवताना मी तिचा डावा हात पंच्याने खुर्चीला बांधत असे. तिची आई त्या वेळी नोकरीवर गेलेली असे. त्यामुळे हे कोणालाच कळले नाही. प्रसाद ज्या हाताने घ्यायचा, अक्षरही त्याच हाताने काढायचे, एवढाच माझा तर्क होता. पुढे पाहुणे तिच्या वळणदार अक्षराचे कौतुक करीत आणि मी ते निमूटपणे स्वीकारीत असे.

काल मृणाल आपल्या मुलीला, इराला, पाटीवर नाव काढायला शिकवत होती. इराने पेन्सिल डाव्या हातात धरली होती.

“आजोबा, माझी इ बघा. पोट सुटलंय तिचं.”

पाटी पाहण्यासाठी मी हात पुढे केला. मृणालने इराला झटकन जवळ ओढले.

“बाबा, तिला हात लावू नका.”

तिच्या स्वरात राग असता, तर मी तो सोसला असता. तिथे भीती होती.

नाव आपल्याला दुसरेच कोणी ठेवतात. स्वतःच्या हाताने ते पहिल्यांदा लिहिताना मूल ते आपलेसे करत असावे. माझ्या मुलीच्या वाट्याला त्या क्षणी जखडलेला हात आला. अजूनही सही करताना ती डावी मूठ आवळते. ते दिसले की मी नजर वळवत आलो आहे.

काल वळवली नाही.

“मृणाल, तुझा हात मी बांधत होतो. तुझं रडणं मला ऐकू येत होतं. चुकलं माझं, बाळा.”