चारी चाकं फिरतात, असं तुम्हीच लिहिलं होतं

समूहातील सुज्ञ गाडीमालकहो,

आज सकाळी वडिलांना केदारखेड्याच्या शेतात घेऊन निघालो. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून अण्णा घरातच आहेत आणि फुलावर आलेली कपाशी त्यांना एकदा बघायची होती. चारी चाकांना जोर असलेली ही गाडी मी घेतली ती याच रस्त्यासाठी, तीही तुमचे अभिप्राय भक्तिभावाने वाचून.

काळ्या चिखलात शिरताच डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि मागच्या चाकांनी संन्यास घेतला. पुढची दोन जागेवरच फिरत राहिली.

अण्णा काच खाली करून म्हणाले, "राहू दे बाबा. इथूनबी दिसून राह्यलं मला."

तिथून फक्त शेजाऱ्याची तूर दिसत होती.

ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढल्यावर रुतलेल्या गाडीचा फोटो इथे टाकला. थोड्याच वेळात आपल्यातल्याच एका सभासदाचा फोन आला. "ही गाडी डोळे झाकून घ्या" असं मला यांनीच लिहिलं होतं.

"भाऊ, तेवढा फोटो काढून टाका जल्दी. माझी गाडी बघायला गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

"म्हणजे तुमचीपण बिघडली?"

"दोनदा! पण असं उघड्यावर लिहितेत का? सगळ्यांचाच भाव पडतो न."

फोटो काढून टाकलेला नाही, टाकणारही नाही. रस्ता वाळेपर्यंत कपाशीची फुलं गळून गेलेली असतील आणि अण्णा मला एका शब्दानेही बोलणार नाहीत.

तर मंडळी, "एक नंबर गाडी" असं लिहिणाऱ्या तुमच्यापैकी किती जणांची गाडी सध्या विकायला काढलेली आहे?