दार किलकिलं ठेवा

कोणी मला विचारलं की दिवसभर काय करतेस, तर मी सांगेन, कुलूप लावते. दूधवाला आला की उघडते, लावते. शिकवणीची मुलं आली की उघडते, लावते, ती गेली की परत तेच. किल्ली गळ्यात असते. आंघोळीलाही मी ती काढत नाही.

हे सगळं आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. कन्नडकडच्या माळावर त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आई गेली, भावाने मेंढरं विकून ऊस लावला आणि आबा सगळं विसरू लागले. रात्री उठून ते कुठेही चालू लागायचे. भाऊ त्यांना संभाजीनगरला माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, कारखाना बंद झाला का नेतो आबाला. तवर ठिव." कारखाना बंद झाला, पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद झाला. भाऊ काही आला नाही. मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होते, ती सोडली. लग्न केलेलं नाही, त्यामुळे मला काही काम नसतं असा आमच्या नातलगांचा पक्का समज आहे. त्यांच्यातले काही फोनवर सांगतात, बापाची सेवा करायला मिळते, भाग्यवान आहेस. हे भाग्य मी त्यांना पोस्टाने पाठवायला तयार आहे.

आबा एकदा दुपारी निघून गेले ते पार हर्सूलच्या पुढे सापडले. एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. तेव्हापासून आमच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना आतून कुलूप असतं. आबा दाराशी येतात, कडीला हात लावून पाहतात, माझ्याकडे बघतात आणि परत जाऊन बसतात. दिवसातून किती वेळा, ते मोजायचं मी सोडून दिलंय. मला त्यांची दया येते आणि रागही येतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच येतं.

अशा घरात एक बोका शिरला. जिन्यातून आला, दार उघडलं तसा माझ्या पायांतून आत घुसला आणि आबांच्या पलंगावर जाऊन झोपला. आबा त्याला कोकरू समजतात. मी एकदोनदा दुरुस्ती केली, मग म्हटलं, असू दे कोकरू. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, ग्रिलच्या गजांमधून खाली उडी टाकतो. चढून मात्र तिथून येता येत नाही, म्हणून रात्री दारात येऊन ओरडतो. या घरात मनाला येईल तेव्हा बाहेर जाणारा तो एकटाच.

त्याच्या कानाला काहीतरी झालं होतं, औषध विचारायला म्हणून मी मोबाइलवर मांजरं पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये गेले आणि तिथलीच झाले. दिवसा तिथे चिटपाखरू नसतं. रात्री अकरा वाजून गेले की एकेक जण उगवतो. शहागंजमध्ये बांगड्यांचं दुकान असलेल्या एक आपा आहेत, त्या दुकान आवरून, जेवण उरकून येतात आणि टाइप न करता बोलून पाठवतात. फर्दापूरला एका लॉजच्या काउंटरवर रात्रपाळी करणारा एक जण आहे, त्याची मांजरं लेणी बघायला आलेल्या लोकांच्या ताटातलं खाऊन गलेलठ्ठ झाली आहेत. आणि एसटीतले एक निवृत्त कंडक्टर काका आहेत. आयुष्यभर मुक्कामी गाड्या केल्यामुळे त्यांना घरच्या गादीवर झोप लागत नाही. आणखीही पुष्कळ जण आहेत, पण आमची चौकडी पक्की. यातल्या एकालाही मी तोवर प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

आमच्यात एक रीत आहे. ती कोणी ठरवली नाही, पडत गेली. झोपायच्या आधी प्रत्येकाने आपलं मांजर घरात आलं का ते सांगायचं. ज्याचं आलं नसेल त्याच्यासोबत बाकीच्यांनी जागायचं. मग त्या जागरणात काय वाट्टेल ते बोलणं निघतं. आपांच्या सुनेचा स्वयंपाक, काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, लॉजवाल्याचं न जुळणारं लग्न. मी आबांबद्दल थोडंच सांगितलं होतं. म्हातारे वडील आहेत, मला बाहेर पडता येत नाही, एवढंच. त्या तासा-दोन तासांत मला बाहेर गेल्यासारखं वाटायचं, आणि तिथे तरी आबा नकोत असं मला वाटायचं. स्पष्टच सांगायचं तर असंच वाटायचं.

त्या रात्री थंडी कडाक्याची होती आणि बोका आला नाही. मी ग्रुपवर सांगितलं. आपा मला बाजी म्हणतात, म्हणजे ताई. त्यांचा आवाज लगेच आला, "बाजी, दरवाजा थोडा खुल्ला रखो, उसकी चादर उंबरे पे डालो, और सामने नक्को बैठो. कोई देखते बैठे तो बिल्ली नै आती."

लॉजवाल्याने लिहिलं, "बरोबर हाय. दार किलकिलं ठेवा ताई, अन् तिथून सरका."

मी आबांकडे जाऊन पाहिलं. घोंगडी डोक्यावरून घेऊन घोरत होते. कुलूप काढलं, दार किलकिलं केलं, बोक्याची चादर उंबऱ्यावर टाकली आणि सांगितल्याप्रमाणे तिथून उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले. माणूस घरात कोंडून ठेवलेला असताना मांजरासाठी दार उघडं ठेवायचं आणि वर त्या दाराकडे पाठ करून बसायचं, हे फक्त मांजरवालीच करू जाणे. लॉजवाला सांगत होता की एका पाहुण्याने त्याच्या तिन्ही मांजरांना पांघरुणात घेतलं आणि सकाळी तक्रार केली की खोलीत पिसवा आहेत. मी तोंडावर हात धरून हसत होते. किती वेळ हसत होते कोण जाणे.

उठले तेव्हा दार सताड उघडं होतं. एवढं दार मांजर उघडत नाही. पलंग रिकामा होता. घोंगडीही नव्हती.

मी जिना उतरून रस्त्यावर धावले. कन्नडच्या गाड्या जातात त्या मोठ्या रस्त्यापर्यंत गेले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "आबा, आबा" म्हणून ओरडले. एक ट्रक गेला. भावाला फोन लावला, बंद. हातातला मोबाइल मधूनमधून टुणटुणत होता. आपा विचारत होत्या, आया क्या? मी तिथेच फुटपाथवर बसून लिहिलं: माझे वडील निघून गेलेत. त्यांना काही आठवत नाही. दार मीच उघडं ठेवलं होतं.

कोणी अरे देवा म्हटलं नाही. मांजर हरवल्यावर जे करतात तेच त्यांनी सुरू केलं. काकांनी लिहिलं, "पत्ता टाक. निघालो." लॉजवाल्याने लिहिलं, "मेन रोडला जाऊ नका ताई. घरातलं जनावर बाहेर पडलं का लांब जात नाय. जवळच लपतं, अन् आपण हाक मारली तरी गप बसतं. घराच्या चारी बाजू आधी बघा, अडचणीच्या जागा बघा." मग लगेच दुसरा निरोप आला, "जनावर म्हणलो, माफ करा."

काका स्कूटरवर आले. माकडटोपी, मफलर, हातात मोठी बॅटरी आणि खिशात काहीतरी खुळखुळत होतं. मांजराच्या खाऊचा डबा होता. सवयीने उचलला म्हणाले. दुसऱ्या कुठल्याही रात्री मी पोट धरून हसले असते. आम्ही पार्किंग पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, शेजारच्या इमारतीचा जिना पाहिला. काका वाकून गाड्यांखाली बॅटरी मारत होते. मी हाका मारत होते आणि माझाच आवाज मला रडका ऐकू येत होता.

तेवढ्यात आपांचा आवाज आला. "नाम ले के नक्को बुलाओ बाजी, घबराते. उनो जिस आवाज को पैचानते, वो निकालो. खाने की, काम की, कोई तो आवाज होगी."

नावाने हाक मारणारे आम्ही सगळे आबांसाठी केव्हाच परके झालो होतो. आबा म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून. पण एक आवाज होता. मी लहान असताना माळावर जाळी लावून मेंढरं बसवली की एका टोकाला आबा आणि दुसऱ्या टोकाला चुलते राखणीला असायचे. जीभ टाळूला लावून एकाने "ड्रुर्रर्र हैऽऽ" असा आवाज काढायचा, की दुसऱ्याने तसाच परत द्यायचा. दिला नाही तर समजायचं, झोपला किंवा काहीतरी झालं. लांडग्यालाही कळायचं की माणसं जागी आहेत. झोपेतसुद्धा आबा त्या आवाजाला उत्तर द्यायचे, आई यावरून त्यांची चेष्टा करायची.

मी लहानपणानंतर तो कधी काढला नव्हता. पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली. दुसऱ्यांदा जमला. वरच्या मजल्यावर दिवा लागला आणि कोणीतरी ओरडलं, "कोण हे? काय चाललंय?" मी तिसऱ्यांदा काढला, आणखी मोठ्याने. मग इमारतीमागच्या अंधारातून, खणखणीत, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, तोच आवाज परत आला. मी रडायला लागले.

आमच्या मागच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. पत्र्याच्या कुंपणाला एक फट आहे. आत वाळूच्या ढिगाला टेकून, घोंगडी खांद्यावर घेऊन आबा उकिडवे बसले होते. समोर ताडपत्री टाकलेली सिमेंटची पोती ओळीने रचलेली होती.

"हळू या," आबा म्हणाले. "आत्ताशी बसल्यात मेंढरं."

मी म्हटलं, "आबा, घरी चला. थंडी लई हाये."

"यांला टाकून? यडी का खुळी?"

मी हाताला धरलं तर त्यांनी झटकला. ताकद अजून आहे त्यांच्यात. मी रडून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी काका पुढे आले. आयुष्यभराच्या सवयीने त्यांचा आवाज आपोआप चढला. "चला, चला आजोबा! कन्नडची शेवटची गाडी हाये. सुटायली बघा. मेंढराची राखण आमचा माणूस करतोय. चला, पुढं व्हा!"

आबा ताडकन उठले. इतक्या लगबगीने चालू लागले की काकांचा गुडघा मागे पडला. जिना चढताना त्यांनी मला विचारलं, "जागा घावंल का बसायला?" मी म्हटलं, "घावंल." दारातून आत आले, पलंग पाहिला, भिंत पाहिली. मी मागून कुलूप लावलं तसे ते वळले.

"ही कन्नडची गाडी नाय," आबा म्हणाले. "फसिवलं तुमी."

काका अजून दाराबाहेरच होते. दाराच्या वरच्या जाळीतून त्यांनी हे ऐकलं. टोपी काढून हातात घेतली आणि जिना उतरले. नंतर त्यांनी मला लिहिलं की एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणत्याही प्रवाशाला चुकीच्या गाडीत बसवलं नव्हतं.

बोका पलंगावर होता. मी रस्त्याने धावत होते तेव्हा केव्हातरी येऊन, दूध पिऊन, आबांच्या रिकाम्या जागी गोळा होऊन झोपला होता. मला त्याला फेकून द्यावंसं वाटलं.

आबा पलंगावर गेले नाहीत. दाराशी फरशीवर बसले. मीही दमले होते, समोर भिंतीला टेकून बसले. एवढ्या महिन्यांत मी त्यांच्यासमोर अशी खाली कधी बसले नव्हते. सतत त्यांच्या डोक्यावर उभी असायचे, गोळी घ्या, तोंड पुसा, तिकडे जाऊ नका. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी कोण हे त्यांना कळत नव्हतं, ते डोळ्यांत दिसतंच. मग ते थोडे पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, तुला बी कोंडलंय व्हय यांनी?"

मला सांगता आलं असतं, आबा, मी तुमची लेक, हे घर माझं, तुमच्याच जिवासाठी आहे सगळं. रोज दहा वेळा सांगते. त्या रात्री मी म्हटलं, "व्हय."

"लई दिस झाले?"

"लई झाले."

त्यांनी मान हलवली. घोंगडी काढून अर्धी माझ्या पायांवर टाकली. "मंग भिऊ नको. यांचा डोळा लागला का दोघं बी निघू. तुला वाट ठावं हाय का?"

"ठावं हाय."

"झोप मंग जरा. मी हाय जागा."

आणि मी झोपले. फरशीवर, भिंतीला टेकून, गाढ. आबा इथे आल्यापासून मी एक डोळा उघडा ठेवून झोपत आले आहे. त्या रात्री दोन्ही मिटले.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन आत आलं होतं. आबा दाराला पाठ लावून बसल्या जागी झोपले होते. त्यांच्या चपला त्यांनी उंबऱ्याशी काढून ठेवल्या होत्या, आणि शेजारी, कोपऱ्यातून शोधून आणलेल्या, धूळ पुसलेल्या माझ्या चपला. चारही चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती.